तारा कोणाच्या?

वेंगुर्ल्याच्या सुलभाताई खानोलकरांच्या अंगणावरून टेलिफोनच्या जाड तारा गेल्या होत्या. त्यांवरचे फोन बंद पडून वर्षं लोटली, तारा मात्र तशाच लोंबत राहिल्या. यजमानांनी हौसेनं लावलेल्या सुरंगीचा शेंडा त्यांत अडके, म्हणून तो दरवर्षी छाटावा लागे. तारा काढा म्हणून यजमान अर्ज करत राहिले आणि झाडाचा बहर न पाहताच गेले.

महिन्याभरानं सुलभाताई स्वतःच टेलिफोन कंपनीच्या कचेरीत गेल्या. तिथल्या इनामदारसाहेबांनी यजमानांना द्यायचे तेच नेहमीचं उत्तर दिलं, "बाई, आमच्या नोंदीत तिथं तारच नाही. नसलेली तार काढायची कशी?"

"मग तेवढं लिहून द्या. आजच कापून भंगारात घालते."

साहेब ताडकन उठले. "खबरदार! ती कंपनीची मालमत्ता आहे!"

"तुमचीच ना? मग घेऊन जा."

सगळी कचेरी हसली. दुसऱ्याच दिवशी तारा उतरल्या.

"बरी जिरवलीस गो साहेबाची!" शेजारीण म्हणाली.

सुलभाताईंचे डोळे भरून आले. "हे उत्तर मला चार वर्षांपूर्वीच सुचलं होतं. 'साहेबलोकांपुढे तू बोलू नको,' असं हे म्हणाले, आणि मी ऐकलं."