कुंडातला गंधक, धुरातला गंधक

तापेवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडाला लागूनच खडीच्या ट्रकांचा तळ होता. त्यांच्या धुराने यमूआत्याची छाती इतकी भरली होती, की चार पावलं चालली तरी ती खाली बसायची. कमी गंधकाचं डिझेल शहरांत केव्हाच आलं होतं. तालुक्याला ते लगेच द्यायचं की दोन वर्षांनी, हे ठरवायला मंत्री गावच्या सभेला आले.

मंत्री हसत म्हणाले, “लोक लांबून तुमच्या गंधकाच्या पाण्यात डुंबायला येतात, आणि तुम्ही धुरातल्या चिमूटभर गंधकाला भिता? थांबा दोन वर्षं.”

सरपंचांसकट सगळी वडीलधारी मंडळी माना डोलावत हसली.

आत्याची भाची शलाका उठली. “साहेब, कुंडात थोडा वेळ झाला की राखणदार शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढतो, नाहीतर घेरी येते. माझ्या आत्याला हवेतून बाहेर काढून कुठे बसवायचं?”

मंत्र्यांनी दोन वर्षांची गोष्ट तिथेच मागे घेतली. त्याच महिन्यात नवं डिझेल आलं.

सरपंच म्हणाले, “पोरी, हे गेल्या वर्षीच्या डिझेलच्या सभेत का नाही बोललीस?”

“उठले होते, काका. मोठ्यांमध्ये बोलू नये म्हणून तुम्हीच खाली बसवलंत. तेव्हा आत्या बाजाराला चालत जायची.”