क्लचखालची सतरंजी

"पोरगी गुणी आहे, पण हिच्या हाती गाडी दिली तर महिन्यात गिअरबॉक्स बाहेर येईल," माझे सासरे, आबा, त्यांच्या बहिणीला सांगत होते. मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेरच थांबले. गाडी मिळाली नाही, तर माझी तासगावची नोकरी सुटणार होती.

चहा झाल्यावर आबा म्हणाले, "सूनबाई, आमच्यासमोर रिव्हर्स टाकून दाखव. आवाज झाला, तर पुन्हा किल्ली मागायची नाही."

गिअर आबांच्या हातूनही कुरकुरायचा, हे मी शेजारी बसून ऐकलं होतं. मी क्लच दाबला, तर तो पुरता खाली जाईना. वाकून पाहिलं. लग्नात आहेर आलेली जाड सतरंजी, गाडी मळू नये म्हणून, आबांनी दुहेरी घडी घालून पायाखाली अंथरली होती. ती काढून मी आत्याबाईंच्या हातात दिली. क्लच तळाला टेकला आणि रिव्हर्स मुकाट्याने पडला. मला हायसं वाटलं.

आत्याबाई हसल्या. "दादा, तुझ्या हातूनही आवाज व्हायचा की रे."

"गाडी जुनी आहे, व्हायचाच," आबा म्हणाले.

तेव्हा मी बोलले, "बरोबर आहे, आबा. तुमच्या हातून कुरकुरला की गाडी जुनी असते, माझ्या हातून कुरकुरला की सून नवी असते."