काकड्यांना काय झालंय?

साखर कारखान्याची निवडणूक तोंडावर आली, तसे चेअरमन दौलतराव डॉक्टर सुमेधा वाकणकरांच्या दवाखान्यात येऊन बसले. ते आणि विरोधी उमेदवार काकडे, दोघेही तिथलेच पेशंट.

"बाई, काकड्यांना काय झालंय ते सांगा, नाहीतर कारखान्याची ही जागा उद्याच खाली करा."

सुमेधाबाई शांतपणे म्हणाल्या, "सकाळी काकडेही तुमच्या आजाराची चौकशी करून गेले."

दौलतराव खुर्चीत पुढे सरकले. "मग? काय सांगितलंत?"

"पेशंटच्या परवानगीशिवाय कायद्यानं काहीच सांगता येत नाही, असं सांगितलं. तुमची परवानगी आहे का?"

"मुळीच नाही! कुणी कितीही धमकावलं तरी तोंड उघडायचं नाही!"

"बरं. आता काकड्यांचं काय विचारत होता?"

दौलतराव घाईने उठले. "काही नाही, त्यांना लवकर बरं वाटू दे, एवढंच म्हणत होतो."