पहिलवानाचे मासे

एकदा एका पहिलवानाने कुस्ती सोडून मासे पाळायला घेतले. त्याचे नाव हिंदुराव. आखाड्यातले दिवस सरले होते. पुढच्या आयुष्याची सारी भिस्त त्याने एका तळ्यावर ठेवली होती. ही विद्या त्याला गजराआजी शिकवत असे. उभा जन्म ओढ्याकाठी मासे वाढवण्यात घालवलेली ती भोईण बोलायची थोडे आणि हसायची फार.

आजीने प्रथम सांगितले, "साचल्या पाण्यात मासा सुस्तावतो. ओढ्याचं पाणी तळ्यातून खेळतं ठेव."

हे हिंदुरावाला मनापासून पटले. मेहनतीवाचून अंग भरत नाही, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. ओढ्याचे पाणी तळ्यात आणणाऱ्या पाटाच्या तोंडावर ते अडवायला चार फळ्या होत्या; त्याने चारही काढून टाकल्या. पाणी धो धो आत शिरले, बोटाएवढे रोहू प्रवाहाशी झुंजू लागले, आणि काठावरून हा ओरडू लागला, "शाब्बास रे पठ्ठ्यांनो!"

महिना उलटला. माशांना घालायच्या पेंडीची पोती रिकामी झाली, पण मासे रोडावून काटक्या झाले. रोज दोन-चार मरून काठाला लागत. खचलेला हिंदुराव आजीकडे गेला.

"आजी, खायला कमी नाही, व्यायामाला कमी नाही. मग चुकतंय कुठं?"

आजी तळ्यावर आली. पाण्याकडे बराच वेळ पाहून तिने आपली शिदोरी सोडली आणि भाकरी त्याच्या हाती दिली.

"जेव. पण बैठका मारत. थांबायचं नाही."

गुरूची आज्ञा! पहिलवान सुरू झाला. दहाव्या बैठकीला घास घशात अडकला, विसाव्या बैठकीला भाकरी हातातून निसटून चिखलात पडली, आणि ठसका लागून तो मटकन खाली बसला. आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शेवटी तोही हसू लागला.

मग आजी म्हणाली, "पैलवान, तू मेहनत करून घरी जेवायला जात होतास. मासा जिथं राबतो, तिथंच जेवतो. तुझ्या पाण्यात त्याला उसंतच नाही. निम्मी पेंड तोंडाशी येण्याआधी वाहून जाते, पोटात जाते ती पोहण्यात जिरते. अंगाला काय लागणार? त्याचं अंग हलावं आणि घासही सुखानं गिळता यावा, एवढंच पाणी सोड. तो वाढला की पाणी वाढव."

तीन फळ्या पुन्हा बसल्या. पंधरवड्यात मासे चकाकू लागले. प्रवाहाकडे तोंड करून ते डौलात शेपटी हलवत आणि पेंड अलगद टिपत. हिंदुरावाला राहवेना.

"आजी, आता दुसरी फळी काढू?"

"मला काय विचारतोस? त्यांना विचार."

त्याने मूठभर पेंड टाकली आणि काठावर उकिडवा बसून तो पाहत राहिला. थोरले मासे मजेत खात होते; धाकटे काही अजून प्रवाहाने मागे ढकलले जात होते. तो उठला आणि हात झटकत म्हणाला, "अजून आठ दिवस जाऊ देत."

आजीने समाधानाने मान डोलावली.

ज्याला कुणाला वाढवायचे आहे, त्याने त्या वाढणाऱ्याचे झुंजणे जितक्या कौतुकाने पाहावे, तितक्याच मायेने त्याचे जेवणेही पाहावे.