पहिले पान नसलेली पोथी

“ही नवी सून फार गप्प असते. गप्प बसणारा आतून डाव रचतो, पोथीत स्पष्ट लिहिलंय. आधी हिला शेंड्यावरून खाली उतरवा.”

कोल्होबा झाडाखाली वानराच्या कानाशी लागून हे सांगत होते, आणि जिच्याबद्दल सांगत होते ती त्याच झाडाच्या ढोलीत शेपूट पांघरून पडली होती. ती होती एक शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी तांबूस खार. लग्न होऊन या जंगलात आल्याला तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ‘इथे कुणाला काय हाक मारायची हेच अजून कळत नाही, डाव कुठला रचते!’ असे तिच्या मनात आले.

मुलांनो, त्या जंगलात कामाची एक जुनी रीत होती. दुपारी हरिणी आपल्या पाडसांना तळ्याकाठी निजवत आणि झाडाझाडांवर पहारेकरी बसत. बिबट्या ज्याला आधी दिसेल त्याने साद द्यायची, बाकीच्यांनी ती पुढे न्यायची. पहिली साद कोणाची, हे कोणी विचारत नसे. पण कोल्होबा पहाऱ्याचे मुकादम झाले आणि पडक्या किल्ल्यात त्यांना युद्धनीतीची एक जुनी पोथी सापडली. पहिले पान वाळवीने खाल्लेले, बाकीची शाबूत. तेव्हापासून रोज सकाळी कामाआधी वाचन सुरू झाले. “उंच जागा आधी धरावी. आपल्याला कळलेलं दुसऱ्याला कळू देऊ नये.”

“पण कोल्होबा, हे कुणाविरुद्ध?” मोराने एकदा विचारले.

“कामाची जागा म्हणजेच रणांगण, मोरोपंत. संध्याकाळी जो एकटाच बातमी आणील, त्याला शेंडा मिळेल.” त्या दिवसापासून वानर आणि मोर एकमेकांकडे तिरप्या नजरेने बघू लागले.

शेकरूला खालची फांदी मिळाली. तिथून आभाळ दिसत नसे, पण तळे दिसे. त्या दुपारी तळ्यावर ऊन झोपल्यासारखे पसरले होते. एक पिवळे पान गिरक्या घेत इतके सावकाश उतरत होते, की ते मध्येच थांबले की काय असे तिला वाटले. काठावर एक पाडस झोपेत कान हलवत होते. झाडाखाली, पाण्याला लागूनच, कोल्होबा पोथी उघडून डुलक्या घेत होते. आणि पलीकडचे गवत, वारा नसताना, हळूच दुभंगले.

तिने वर पाहिले. वानर त्याच गवताकडे टक लावून होता, पण गप्प. मोराची मान तिकडेच वळलेली, तोही गप्प. आपली साद इथे कोणी ओळखील का, हा विचार तिच्या मनात आला आणि तो पुरा व्हायच्या आतच तिच्या तोंडून साद निघून गेली, अगदी माहेरच्या सुरात. पाडस उठून पळाले. बिबट्याची झेप चुकली आणि तो कोल्होबांना घेऊनच पाण्यात पडला. बिबट्या ओशाळून निघून गेला, कोल्होबा निथळत बाहेर आले आणि पोथीची पाने कमळांच्या पानांमधून तरंगत राहिली.

“मी मघाशीच पाहिला होता,” वानर म्हणाला.

“मी तुझ्याही आधी,” मोर म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?” पाडसाला चाटत हरिणीने विचारले. दोघांनी कोल्होबांकडे पाहिले.

“पोथीत तसं लिहिलंय,” कोल्होबा पुटपुटले.

तेव्हा ती नवी सून खालच्या फांदीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पोथी खोटी नसेल, कोल्होबा. शत्रू कोण, ते पहिल्या पानावर असणार. ते पान वाळवीने खाल्लं आणि तिथे तुम्ही आम्हाला बसवलंत.”

तात्पर्य एवढेच : लढाईचे शहाणपण सोबत काम करणाऱ्यांवर चालवले, तर ज्याच्यासाठी पहारा बसवला तोच उघड्यावर पडतो.