मगदूम सरांच्या व्हॅनची गळती

“अजून किती आवळायचं, मिस्त्री? तेवढं सांगा.”

दस्तगीर मिस्त्रींनी ऐकलं आणि खुर्ची जराशी मागं सरकवली. शुक्रवार होता. दुपारच्या नमाजाला जायचं म्हणून म्हातारा अंघोळ करून, पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा घालून, मिरजेतल्या आपल्या गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसला होता.

विचारणारे होते प्राध्यापक जिनपाल मगदूम. पॉलिटेक्निकात एकतीस वर्षं इंजिन शिकवलेला माणूस. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं मोठमोठ्या कारखान्यांत साहेब झाली, आणि सर स्वतः कोपरापर्यंत काळ्या तेलानं माखून एका मिस्त्रीच्या दारात उभे. वेळ काही सांगून येत नाही, हेच खरं.

समोर त्यांची व्हॅन होती. बहात्तर सालची. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, झाकणाखाली. मूळ इंजिन कधीच निकामी झालं होतं. सरांनी अपघातात मोडलेल्या एका जीपचं इंजिन आणलं आणि स्वतःच्या हातानं बसवलं. मापं काढली, पट्ट्या कापल्या, भोकं पाडली. पहिल्याच चावीला ते सुरू झालं.

फक्त तेल गळत होतं.

तेही थोडंथोडकं नाही. पुढचं सील बदललं, तेल मागून आलं. मागचं बदललं, तर खालच्या चेंबरच्या पॅकिंगमधून आलं. पॅकिंग दोनदा बदललं. आवळता आवळता एक बोल्ट तुटला, तोही बदलला.

आणि रविवारी सुप्रभाचं लग्न. सरांची एकुलती एक लेक. तिनं बापाकडं एकच मागितलं होतं... निपाणीला सासरी जाईन ती आपल्या व्हॅनमधून. जावयानं नवी गाडी देऊ केली, तर सर ताडकन म्हणाले होते, माझी मुलगी माझ्याच गाडीतून जाईल. आता वाटेत तेल संपलं, इंजिन जाम झालं आणि नवरी शालू नेसून हमरस्त्यावर उभी राहिली, तर... सरांना चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

“चालू करा,” मिस्त्री म्हणाले.

सरांनी चावी फिरवली. मिस्त्रींनी झाकण उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“काम झकास केलंय, सर. आमच्या हातनं इतकं नेटकं झालं नसतं.”

“ते मला माहीत आहे. गळतंय कुठून?”

“सगळीकडनं.”

“ते मलाही दिसतंय.”

“मग दोघास्नीबी दिसतंय की.”

सरांना राग आला. पण अडला हरी...

मिस्त्रींनी तेल मोजायच्या काडीकडं बोट केलं. काडी आपल्या नळीतून आपोआप वर सरकत होती. सरांनी ती दाबून बसवली. ती पुन्हा वर आली.

“हिला किती वेळा दाबलं?”

“रोजच. सैल झाली असेल. बदलतो.”

“सर, आम्हाला मराठी शाळेत एक म्हण शिकवायचे. नाक दाबलं की...?”

“तोंड उघडतं. त्याचा इथं काय संबंध?”

“मग नाक कुणी दाबलंय?”

सरांची नजर काडीवरून वर गेली...

इंजिनाच्या वरच्या अंगाला एक नळी होती, आतली हवा बाहेर सोडणारी. तिच्या तोंडात सलाईनच्या बाटलीचं रबरी बूच घट्ट ठोकलेलं होतं.

“आत तेलाचा वास यायचा,” सर हळूच म्हणाले. “सुप्रभाला वास सोसत नाही. त्या दिवशी तरी तिला त्रास नको, म्हणून मीच...”

बोलता बोलताच त्यांना कळलं. श्वास कोंडला की इंजिन मिळेल त्या फटीतून तेल बाहेर फेकणारच. हे ते दरवर्षी पहिल्या महिन्यात शिकवत आले होते. चार मार्कांना विचारत होते. ह्याच प्रश्नावर पोरं नापासही केली होती.

“हे मला माहीत होतं, मिस्त्री.”

“असणारच की. मला तरी कुणी सांगितलं? आमचा थोरला तुमच्याच हाताखाली शिकलाय.”

बूच उपटलं तशी फस्सकन हवा सुटली. मिस्त्रींनी नळीला लांबलचक रबरी पाईप जोडला आणि गाडीच्या बुडाखालून मागं नेऊन सोडला. वास बाहेर, नवरी आत. दहा मिनिटांचं काम. मग सरांना चिंध्या देऊन अख्खं इंजिन पुसायला लावलं.

“आणि सील?”

“नवंच हाय की.”

“पॅकिंग?”

“तेबी नवं.”

“पण खात्री काय?”

मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं. नमाजाला अजून पाऊण तास होता. त्यांनी एक कोरं पोतं अंथरलं, पाठीवर आडवे झाले आणि चालू इंजिनाखाली सरकले.

“अहो, कपडे... शुक्रवारचे कपडे आहेत तुमचे.”

“माहीत हाय. रेस करा.”

सरांनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. कधी हळू, कधी जोरात. गाडीखालून म्हाताऱ्याची नुसती पावलं दिसत होती. वीस मिनिटं झाली.

मिस्त्री बाहेर सरकले, उभे राहिले, आणि सरांपुढं सावकाश एक गिरकी घेतली. कुर्ता होता तसाच पांढरा. पाठीला पोत्याची धूळ लागली होती, तेवढीच.

सर मटकन पायरीवर बसले. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. पुसायला गेले तर सगळ्या तोंडाला तेल फासलं गेलं. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली होती.

“उस्ताद,” ते म्हणाले. हा शब्द त्यांनी जन्मात कुणाला वापरला नव्हता. “फार मोठी काळजी मिटली. आता निपाणीला बिनघोर जाईन.”

“बेलाशक जावा. जाताना कसली भीती न्हाई.” मिस्त्री कुर्त्यावरची धूळ झटकत होते. “येताना तेवढं सावकाश चालवा.”

“येताना? येताना गाडीत मी आणि तिची आई, दोघंच. गाडी रिकामीच असणार.”

मिस्त्रींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि मशिदीच्या वाटेला लागले. चार पावलं गेल्यावर थांबून वळले.

“रिकामी गाडीच जड जाती, सर.”