गेणूमामाची मांडी

एका गावात एक भोळा मामा होता. जन्मतः कुणी मामा नसतं, तसा हाही नव्हता. आधी तो नुसताच भोळा गेणू होता. मग त्याची थोरली बहीण हौसा बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली, आणि त्या दिवसापासून मामा म्हटल्याशिवाय गेणूनं हाकेला ओ देणं सोडलं. आई "गेण्या, गेण्या" करून थकायची. हा शेजारच्या खोलीत गप्प.

मुलीचं नाव चिमी. गेणूचा तिच्यावर भारी जीव. ती रडली की हा रडायचा. ती झोपली की हा पाळण्याखाली आडवा व्हायचा. तिकडे म्हशी दावणीला हंबरत राहायच्या.

हौसाच्या सासरची रीत अशी, की लेकराचं बोरन्हाण, जावळ, कान टोचणं, सगळं मामाच्या मांडीवर. हे कानावर आल्यापासून गेणू रोज जेवण झालं की अंगणात मांडी घालून बसायला लागला.

"काय रे, काय करतोस?" लोक विचारायचे.

"सवय करतोय," गेणू म्हणायचा.

आता त्या सासरविषयी सांगतो. हौसाची सासू गोदूबाई म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. आणि गाव असं, की तिथं लेकराला विकतचं काही देणं म्हणजे कमीपणा. झबलं हातचं, कुंची हातची, दुपटं हातचं. जिचं हातचं, तिची मान वर. एवढे हात आणि एवढा वेळ या बायकांना कुठून मिळायचा, ते विचारायचं नाही. तालुक्याच्या बाजारातला दुकानदार मात्र त्या गावावर फार खूश असायचा.

हौसा लेकीला घेऊन सासरी गेली. मागोमाग आईनं चिमीला मांजरपाटाचं झबलं शिवलं. आईच्या गुडघ्यांनी दगा दिलेला, म्हणून गेणूला पाठवलं.

"नीट ने रे बाबा. वाटेत बाजार लागेल, पुढं ओढा लागेल. झबलं खाली कुठं ठेवू नकोस."

गेणूनं ठेवलं नाही. बाजारात ठेवलं नाही, ओढ्यावर पाणी पिताना ठेवलं नाही. हौसाच्या दारात गेला तर गोदूबाई म्हणाल्या, "ठेव तिथं."

"आईनं नको सांगितलंय."

"अरे, चौरंगावर ठेव."

"चौरंग खालीच आहे, मावशी."

गेणू दोन्ही हातांवर झबलं घेऊन उभा. हौसानं त्याला उभ्या उभ्या भाकरी भरवली. शेवटी तिनंच चिमीला आणलं आणि त्याच्या हातांवरचं झबलं तसंच्या तसं लेकीच्या अंगात घातलं. कोरं कापड, वर कांजी. संध्याकाळपर्यंत पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. गोदूबाईंनी शेजारपाजारच्या बायकांना बोलावून ते पुरळ दाखवलं. माहेरचं हातकाम बघा म्हणाल्या.

घरी आल्यावर आईनं कपाळावर हात मारला.

"अरे मेल्या, बाळाकडं न्यायची वस्तू आधी पाण्यात भिजवायची, दगडावर बडवायची, उन्हात वाळवायची. मग द्यायची. कळलं?"

"कळलं," गेणू म्हणाला. आणि खरंच कळलं. त्याला सगळं कळायचं. तीच तर पंचाईत होती.

पुढच्या खेपेला आईनं डिंकाचे लाडू केले. गेणूनं ते ओढ्यावर नेले. आधी भिजवले. मग धुण्याच्या दगडावर एकेक ठेवून चांगले बडवले. लाडू बडवताना कपड्यासारखा आवाज येत नाही, एवढं त्याच्या लक्षात आलं. मग वाळत घातले. कावळे आले, कुत्री आली. उरलं ते दगडावरून खरवडून गेणूनं रुमालात बांधलं आणि गोदूबाईंपुढं ठेवलं.

"हे काय?"

"लाडू."

"कशानं केलेत? पोतेऱ्यानं?"

हौसा आत जाऊन रडली. चिमी मात्र मामाला बघून हसली, म्हणून गेणूला वाटलं, खेप चांगली झाली.

घरी आईनं पुन्हा कपाळावर हात मारला. "अरे, लाडू बडवतात का कुणी? आता नीट ऐक. अंगावर घालायचं ते भिजवायचं. खायचं ते डब्यात घालायचं, झाकण घट्ट लावायचं. एवढं तरी डोक्यात ठेव."

गेणूनं ठेवलं. त्याच्या डोक्यात जागा भरपूर होती. त्या दिवसापासून त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू उरल्या. अंगावर घालायच्या आणि खायच्या.

चिमी उभी राहायला बघू लागली. आईनं माळ्यावरून पांगुळगाडा काढला. गेणूच्या वडलांनी स्वतः रंधा मारून केलेला. त्याला धरून हौसा चालायला शिकली, त्याला धरून गेणू शिकला. वडील गेले, गाडा राहिला. आईनं त्याला तेलाचा हात दिला, डोळे पुसले आणि गेणूच्या हवाली केला.

गेणू गाडा घेऊन बसला. अंगावर घालायचा? नाही. म्हणजे खायचा. म्हणजे डब्यात. घरातला सगळ्यात मोठा डबा पिठाचा, पण गाडा काही त्यात जाईना. गेणूनं कुऱ्हाड आणली. मग गेला. झाकणही घट्ट बसलं.

गोदूबाईंनी डबा उघडला आणि बायकांना हाक मारली. "या गं या! आमच्या सुनेच्या माहेराहून जळण आलंय. पिठात घोळून!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हौसानं त्यातलं एक चाक उचललं, उराशी धरलं आणि गेणूकडं पाहिलंसुद्धा नाही. ते मात्र त्याला लागलं. चिमीनं आईच्या हातातलं चाक ओढून घेतलं आणि चावायला सुरुवात केली. गेणू मनात म्हणाला, खायचंच होतं की.

हसणं संपल्यावर गोदूबाई गंभीर झाल्या. "ऐक रे. संक्रांत झाली की बोरन्हाण आहे. आता काही वेडंवाकडं केलंस, तर पोर तुझ्या मांडीवर नाही. माझ्या बहिणीचा वसंता बसेल मामा म्हणून. बोरन्हाणाला तोच, जावळाला तोच."

गेणूनं खाली आपल्या मांडीकडं पाहिलं. एवढी सवय केलेली मांडी!

तो निघाला, तशा गोदूबाई मागच्या दारानं त्याच्यामागं आल्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "एक काम कर. बोरन्हाणाला येताना बाजारातल्या दुकानातून हलव्याच्या दागिन्यांचा खोका आण. मी सांगून ठेवलंय. मागच्या दारानं ये आणि वाटेत कुणाला बोलू नकोस."

वेड्याकडून काम करून घेतलं की गावाला पत्ता लागत नाही, असा त्यांचा शहाणा हिशेब होता.

गेणूनं मात्र या वेळी डोकं चालवलं. त्यानं आधीच विचारलं, "मावशी, ते अंगावर घालायचं का खायचं?"

"अंगावर घालायचं! एक दाणा जरी तोंडात टाकलास तर याद राख."

गेणू समाधानानं घरी आला. गाड्याची हकिगत ऐकून आई भिंतीला टेकून बसली. ती रागावली ते गाडा मोडला म्हणून थोडं, आणि दुसऱ्याच गोष्टीसाठी जास्त.

"त्या हसल्या आणि तू मुकाट उभा राहिलास? तुझ्या बापानं हातानं केला होता, हे सांगता आलं नाही? यापुढं जी वस्तू नेशील, ती कुणी केली, कुठून आली, चारचौघांत मोठ्यानं सांगायचं. लाजायचं नाही."

"बरं," गेणू म्हणाला.

मग आई चुलीपुढं बसली. मंद निखाऱ्यावर परात, परातीत तीळ, वरून चमच्याचमच्यानं पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. दाण्यादाण्याला काटा फुटेपर्यंत. बोटं भाजली तरी तिनं परात सोडली नाही. त्या हलव्याचा तिनं हार केला, बांगड्या केल्या, कंबरपट्टा केला, इवला मुकुट केला.

"आई, हे अंगावर घालायचं का खायचं?"

"लेकरू काय, घालता घालता खाऊनच टाकेल. मुंग्या लागतील, डब्यात घाल. हौसाच्याच हातात दे."

खायचं. डब्यात. गेणूनं झाकण घट्ट लावलं.

बोरन्हाणाच्या दिवशी गेणू निघाला. बाजारातून गोदूबाईंचा खोका घेतला. वाटेत कुणाशी बोलला नाही. एकानं वेळ विचारली, त्यालाही नाही सांगितली. ओढ्यावर आला. डबा झाडाखाली ठेवला. खोका उघडला. अंगावर घालायचं. म्हणजे भिजवायचं.

त्यानं दागिने भिजवले. दगडावर बडवले. या खेपेला काही चुकायला नको म्हणून लाडवांपेक्षा जास्त बडवले. पाणी गोड झालं आणि दागिने हलके झाले. गेणूला बरं वाटलं, पोरीला ओझं होणार नाही. मग उन्हात वाळवले, घडी घातली, रुमालात बांधले. ऊन कमी होतं, त्यामुळं उशीर झाला.

इकडं ओसरीवर बायका जमल्या होत्या. टोपलीत बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, शेंगा. चिमी काळं झबलं घालून बसलेली. पाटावर वसंता, इस्त्रीचा सदरा घालून, मांडी तयार ठेवून. आणि मधोमध गोदूबाई.

"डोळे फुटायची वेळ आली बाई, पण म्हटलं, नातीचे दागिने मीच करणार. हातच्याची सर विकतच्याला नाही."

"तर काय!" बायका म्हणाल्या. कुणी कुंची आणली होती, कुणी दुपटं. सगळं हातचं.

गेणू मागच्या दारानं आला. गोदूबाई घाईघाईनं आत गेल्या, रुमाल घेतला, न उघडताच ताटात ठेवला, वर जरीचा खण टाकला आणि मिरवत बाहेर आल्या. सरपंचाची सून शेवंता पुढंच बसली होती. तिनं कौतुकानं खण उचलला, रुमाल सोडला.

आत दोरे होते आणि पुठ्ठे होते.

"अगंबाई, हे कसले दागिने?" शेवंता म्हणाली. तिनं मुकुटाचा पुठ्ठा उलटा केला. जुन्या पाटीचा तुकडा असावा. चारचौघींत वाचता येतं ते दाखवायची संधी शेवंता कधी सोडत नसे. तिनं मोठ्यानं वाचलं, "आमच्या येथे घरी केलेले दागिने ठोक व किरकोळ मिळतील."

बायका माना उंचावून ताटात बघू लागल्या.

"मेल्या!" गोदूबाई ओरडल्या. "काय केलंस माझ्या दागिन्यांचं?"

"भिजवले, बडवले, वाळवले," गेणू म्हणाला. आणि मग त्याला आईचं सांगणं आठवलं. चारचौघांत, मोठ्यानं, न लाजता. तो ओसरीच्या मध्यभागी उभा राहिला. "हे दागिने बाजारातल्या दुकानदारानं केले. गोदूमावशींनी मागवले. मागच्या दारानं मी आणले."

शेवंता खुदकन हसली. गेणूला वाटलं, हिलाही ऐकायचंय. त्यानं तिच्या मांडीवरची कुंची पाहिली. "ही पण तिथंच टांगलेली असते. खिळ्याला. हिरवी पण आहे."

शेवंतानं कुंची पदराखाली घेतली. गेणू दुपट्याकडं वळला. पण तोवर ओसरीवर एकही वस्तू दिसेना. सगळ्या बायकांचे पदर एकाएकी मोठे झाले होते. कुणी हसेना. हसायचं कुणी कुणाला?

मग गेणूनं डबा हौसाच्या हातात दिला. "आणि हे आईनं केलं. परातीत. बोटं भाजली तिची."

हौसानं झाकण काढलं. पांढरा शुभ्र, काटेरी हलवा. तिनं लेकीला हार घातला, बांगड्या घातल्या, कंबरपट्टा बांधला, मुकुट चढवला. तिचे डोळे भरून आले, पण आज ती आत गेली नाही. सगळ्यांसमोर रडली. चिमीनं ताबडतोब उजवी बांगडी खायला घेतली, आणि मामाला बघून दोन्ही हात पुढं केले.

आता गोदूबाईंची मोठी अडचण झाली. रागवावं, तर दुकानाचा विषय निघतो. न रागवावं, तर पोट फुगतं. त्यांनी वसंताला डोळ्यानं उठवलं आणि दात आवळून म्हणाल्या, "बस बाबा. घे पोरीला मांडीवर. तोंड मीट, आणि मी ऊठ म्हणेपर्यंत जागचा हलू नकोस."

गेणू बसला. चिमी मांडीवर आली. डोक्यावरून बोरं पडली, चुरमुरे पडले, ऊस पडला. गेणूच्या आयुष्यात इतकं सुख कधी झालं नव्हतं. पण तोंड मिटायला सांगितलं होतं, म्हणून तो हसलासुद्धा नाही. नुसते डोळे वाहत होते.

कार्यक्रम संपला. बायका पदर सांभाळत गेल्या. गोदूबाईंनी आत जाऊन देवाची शपथ घेतली, या मेल्याशी जन्मात एक शब्द बोलणार नाही. आणि त्या शब्दाच्या पक्क्या.

झालं! त्या बोलेनात, आणि हा उठेना. हौसा म्हणाली, "ऊठ रे गेणू." त्यानं मान हलवली. बसल्या बसल्या आतल्या खोलीकडं बोट दाखवलं. मावशींनी म्हणायला हवं. हौसानं त्याच्याभोवतीनं केर काढला. जेवण पाटावर दिलं. चिमी येऊन त्याचा कान धरून उभी राहायला शिकली, पांगुळगाड्याचं काम मामावर भागलं. वसंता दोनदा येऊन जागा भरलेली बघून परत गेला.

आणि जावळाचा दिवस आला. न्हावी वस्तरा परजत ओसरीवर आला. "मामा कुठाय?"

मामा बसलेलाच होता. हौसानं चिमीला मांडीवर दिलं. वस्तरा बघून चिमीनं भोकाड पसरलं.

"मामा, डोकं पुढं करा," न्हावी म्हणाला.

गेणूनं केलं. स्वतःचं.

न्हाव्याला बिचाऱ्याला काय, पुढं आलेलं डोकं भादरायचं एवढंच ठाऊक. चिमीची आत्या कुंकवाचं ताट घेऊन येईपर्यंत गेणूच्या डोक्याचा गुळगुळीत गोटा झाला होता. चिमीनं रडणं थांबवलं, मामाच्या टकलावर चापट मारली आणि खदखदून हसली. मग तिनं आपलं डोकं गुमान न्हाव्यापुढं केलं.

गोदूबाई आतून धावत आल्या. "अरे मेल्या, तुझं नव्हे, पोरीचं!"

शपथ मोडली. सगळं घर हसलं. गोदूबाईंनाही हसू आवरेना.

पण 'ऊठ' काही त्या म्हणाल्या नाहीत. आता कान टोचणं आलं आहे, आणि आईनं निरोप पाठवलाय, सोनाराला आधी नीट सांगून ठेवा, कान कुणाचे ते.